बातलच्या पुढचे पाणी

हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यातून मनालीकडे येणारी वाट कुंझुमच्या खिंडीतून खाली उतरते आणि बातल येथे चंद्रा नदीला भेटते. बातल हे गाव नव्हे. नदीवरचा पूल, दगड रचून उभ्या केलेल्या भिंतींचे व ताडपत्रीच्या छपरांचे दोन-चार ढाबे आणि सभोवती करडे, उघडेबोडके डोंगर, एवढेच त्याचे रूप. समुद्रसपाटीपासून हे ठिकाण चार हजार मीटरांच्या जवळपास आहे. खिंड मोकळी झाली की जूनच्या सुमारास येथील चुली पेटतात आणि ऑक्टोबर सरता सरता विझतात. येथून छत्रूपर्यंतचे अंतर तीसेक किलोमीटर. देशावरच्या मोटरसायकलस्वाराला हा आकडा अर्ध्या-पाऊण तासाचा वाटेल. प्रत्यक्षात सकाळी निघाले तर त्याला दोन-तीन तास लागतात, आणि दुपारी निघाले तर किती लागतील हे सांगता येत नाही.

याचे कारण पाणी. या वाटेवरचे पाणी घड्याळाप्रमाणे चालते. वरच्या कड्यांवरचे हिम सकाळच्या उन्हाने तापू लागते, वितळते, आणि ते पाणी ओढ्यांतून रस्त्यापर्यंत उतरायला काही तास जातात. म्हणून सकाळी घोट्याइतका असलेला नाला दुपारी तीन-चारच्या सुमारास गुडघ्यापर्यंत चढतो आणि त्याच्या तळाचे गोटे जागा बदलू लागतात. रात्री थंडी पडली की तोच नाला पुन्हा ओसरतो. यांतील बरेचसे नाले पुलाखालून न जाता रस्त्यावरूनच वाहतात. सीमा रस्ते संघटनेचे काम या मार्गावर चालू असले, तरी मोठ्या पट्ट्यात अजूनही खडी, गोटे आणि वाहते पाणी हाच रस्ता आहे. सप्टेंबरअखेरीस यात आणखी एक पेच पडतो. पहाटे लवकर निघावे, तर रात्री गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा पापुद्रा उतारावर असतो. उशीर करावा, तर पाणी चढते. या दोहोंमध्ये काही तासांची जी फट उरते, तिच्यात हा पट्टा बसवायचा, हे या प्रवासाचे सारे गणित.

सांगलीच्या गणपती पेठेशी संबंध असलेल्या चौघा मित्रांनी हे गणित निघण्यापूर्वी नीट मांडले होते. चौघांत वडील होते ते हळद-गुळाच्या अडतीचे व्यापारी. वय पंचेचाळीसच्या पुढे, पेठेत सर्वांचे अण्णा. दुसरे कापड दुकानदार, तिसरे औषधांचे घाऊक विक्रेते, आणि चौथा अण्णांचा सव्वीस वर्षांचा पुतण्या, जो त्यांच्याच पेढीवर बसतो आणि चौघांत मोटरसायकल सर्वांत चांगली चालवतो. तिथी अशी निवडली की पर्युषण आटोपलेले असावे आणि दसरा-दिवाळीची खरेदी सुरू झालेली नसावी. व्यापारी कुटुंबातील मोकळे दिवस असेच दोन सणांच्या सांध्यात सापडतात.

या वाटांना व्यापाऱ्यांचे पाय नवे नाहीत. सिमल्याहून सतलजच्या काठाने तिबेटच्या दिशेने जाणारा हिंदुस्थान-तिबेट मार्ग लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये बांधायला घेतला गेला. त्याच्याही कितीतरी आधीपासून लोकर, मीठ, पश्मीना आणि सुकामेवा यांची ने-आण या खोऱ्यांतून होत होती. बुशहर संस्थानच्या रामपूरला दर नोव्हेंबरमध्ये भरणारी लवीची जत्रा ही त्याच तिबेटी व्यापाराची खूण. खेचरे आणि शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर माल लादून खिंडी ओलांडणाऱ्या त्या माणसांनाही वेळ पाहूनच पाण्यात पाय घालावा लागत असणार.

आपल्याकडे हुंड्यांच्या प्रकारांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार असे. माल मुक्कामी सुखरूप पोचला तरच तिची रक्कम देणे लागे. वाटेत माल बुडाला, तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडत, आणि तो धोका पत्करण्याचे मोल हुंडीच्या भावात आधीच धरलेले असे. आधीच, हा शब्द महत्त्वाचा. गलबत वादळात सापडल्यावर भाव ठरवायला कोणी बसत नसे. अण्णांनी मोहिमेची आखणी याच रीतीने केली. गतवर्षीच्या एका वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी नियम लिहिले आणि खाली चौघांच्या सह्या घेतल्या. कापड दुकानदारांना तो प्रकार थोडा पोरकट वाटला. पण सही त्यांनीही केली.

पहिला नियम संख्येचा. खडतर वाटेवर तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये, कारण एकाला दुखापत झाली तर दुसऱ्याने त्याच्याजवळ थांबायचे आणि तिसऱ्याने मदत आणायची असते. दोघेच असले, तर जखमीला एकटे टाकून जाण्याची वेळ येते. दुसरा नियम क्रमाचा: सर्वांत सावकाश चालवणारा पुढून दुसरा, सर्वांत तरबेज तो शेवटी, प्रत्येकाने आरशात मागच्याकडे लक्ष ठेवायचे आणि फाटा आला की मागचा दिसेपर्यंत हलायचे नाही. तिसरा, दुपारी चारला चाके थांबली पाहिजेत. दिवसाउजेडी मुक्काम गाठून सूर्यास्तापूर्वी जेवण्याची घरची सवय या नियमाला आपोआप साहाय्यक ठरली. चौथा, ज्याचे डोके दुखते आहे त्याने त्या दिवशी आणखी उंचीवर जायचे नाही आणि ते लपवायचे नाही. पाचवा नियम लिहिताना अण्णांनी पेन थोडे थांबवले होते, असे पुतण्याला आठवते: चौघांपैकी कोणीही एकाने ‘नको’ म्हटले, तर ते चौघांचे ‘नको’ समजावे आणि त्याला कारण विचारू नये.

तयारी सांगलीतच सुरू झाली. खडतर वाटेवर मोटरसायकल चालवणे ही डांबरी रस्त्यावरच्या चालवण्याहून वेगळी विद्या आहे. तेथे बसून चालवता येत नाही. फुटरेस्टवर उभे राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, कोपर सैल ठेवावे लागतात. चाक गोट्यावरून घसरले की हँडल हातात थरथरते. ते घट्ट धरून सरळ करू गेले की गाडी पडते, आणि हलके धरले तर बहुधा आपणच मार्गी लागते. दृष्टी चाकापुढच्या दगडावर नव्हे, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवायची, कारण माणूस जिकडे पाहतो तिकडेच त्याची गाडी जाते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायची. हे सारे ऐकायला दोन मिनिटे आणि अंगात मुरायला काही महिने लागतात. पावसाळ्याआधीचे रविवार त्यांनी कृष्णाकाठच्या उसाच्या गाडीवाटांवर आणि मुरमाड चढांवर घालवले. काळ्या मातीत पडणे मऊ असते, एवढी एक सोय तेथे होती. पडलेली दीड-पावणेदोनशे किलोची गाडी पाठ न दुखावता कशी उचलायची, हेही तेथेच शिकून झाले: गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून, हाताने नव्हे तर पायांच्या जोराने.

औषधांच्या व्यापाऱ्यांनी प्रथमोपचाराची पेटी भरली. त्रिकोणी पट्ट्या, रक्तस्राव थांबवण्याचे बंध, मोडलेल्या हाडाला आधार द्यायच्या लवचिक पट्ट्या. उंचीच्या त्रासावरचे औषध डॉक्टरांना विचारून, कोणाला सल्फा औषधांची ॲलर्जी नाही ना याची खात्री करूनच घेतले गेले. पुतण्याने क्लचची केबल, ब्रेकची मूठ, ट्यूब, हातपंप, चेनची कडी आणि फुटलेल्या इंजिनकव्हरला बुजवण्याचे एम-सील बांधून घेतले. अण्णांनी विम्याचे कागद वाचले, जे फार थोडे लोक करतात. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण चालू होते. परंतु पाण्यात इंजिन चालवून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरले जात नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हे त्यांना तेव्हा कळले आणि त्यांनी ते घेतले. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र आणावे असा कापड दुकानदारांचा विचार होता. पण उपग्रहाधारित फोन व तत्सम साधने परवान्यावाचून बाळगणे आपल्या देशात बेकायदा आहे. त्यामुळे छत्रू ते लोसर या जवळजवळ बिनरेंजच्या पट्ट्यात आपल्या मदतीला आपणच, हे गृहीत धरावे लागले.

गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करून, गोणपाटात बांधून त्या रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला गेल्या. मागोमाग चौघे गोवा एक्स्प्रेसने.

स्पितीला जाण्याच्या वाटा दोन. मनालीहून गेले तर अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे नकाशावर सोपे. परंतु मनाली दोन हजार मीटरांवर आहे आणि कुंझुमची खिंड साडेचार हजारांच्याही वर. एका दिवसात अडीच हजार मीटर चढण्याची शिक्षा शरीर त्याच रात्री देते. तीन हजार मीटरांच्या पुढे झोपण्याची जागा रोज साधारण पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावी, असे गिर्यारोहण-वैद्यकाचे मत आहे. म्हणून चौघांनी सिमला, रामपूर, कल्पा या लांबच्या वाटेने किन्नौरातून प्रवेश केला. कल्पा तीन हजारांच्या आसपास. पुढे नाको साडेतीन हजारांच्या वर. मग ताबोला थोडे उतरायचे, जेथे इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला मातीच्या भिंतींचा विहार आजही नांदता आहे. बाहेरून पाहिले तर तो धान्याच्या कोठारासारखा दिसतो. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावतात आणि भिंतीभर रंगांच्या मूर्ती हळूहळू उमटू लागतात. कापड दुकानदार तेथे वस्त्रांवरच्या नक्षीपुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांना हलवावे लागले.

काझाला त्यांनी दोन रात्री काढल्या. मनालीपर्यंत पुढे पेट्रोल पंप नाही, म्हणून टाक्या काठोकाठ भरल्या. प्राणवायू विरळ झाला की माणसाप्रमाणे इंजिनही धापा टाकते. खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. सांगलीला तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी येथे पहिल्यात कुरकुरते, हे आधी ठाऊक असले म्हणजे घाबरायला होत नाही.

आखणी अशी होती की काझाहून सकाळी सहाला निघायचे, साडेदहाच्या आत बातल, आणि दुपारच्या आत नाले ओलांडून छत्रू. परंतु पहाटे रस्त्यावरच्या ओघळांवर बर्फाचा पापुद्रा होता, आणि पापुद्र्यावरून जायचे नाही, हे पुतण्याने आग्रहाने सांगितले. निघायला आठ वाजले. लोसरच्या अलीकडे औषधांच्या व्यापाऱ्यांच्या मागच्या चाकात खिळा गेला. इतक्या उंचीवर हातपंपाने टायर भरणे हा व्यायाम नव्हे, तपश्चर्या आहे. पाच-दहा झटके मारले की पंप दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. कुंझुमवर पोचायला दीड वाजला. तेथे कुंझुम मातेचे छोटे देऊळ आहे आणि पताका सतत फडफडत असतात. येणारे प्रत्येक वाहन देवळाला वळसा घालूनच पुढे जाते. चौघांनीही घातला. मग वळणावळणांचा उतार. चंद्रतालकडे जाणारा फाटा त्यांनी सोडून दिला. हे सरोवर २००५ पासून रामसर यादीत आहे, आणि त्याच्या परिसरातील विरळ गवतावर एकदा चाक फिरले की ते सावरायला अनेक उन्हाळे जातात. रस्ता सोडून गाडी घालण्याचा मोह इतरांना होतो, यांना तो होऊ नये अशी अण्णांची ताकीद होती. बातलला पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते.

येथे थांबायला हवे होते. नियमाप्रमाणे चाके चारला थांबायची होती, पण पाण्याचे घड्याळ निराळे होते, आणि ते चौघांनाही ठाऊक होते. तरीही ते पुढे निघाले. कारण रविवारी सांगलीत पुतण्याच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. त्या दिवशी छत्रू गाठले तर उद्या मनाली, परवा दिल्ली आणि ठरलेली गाडी. एक दिवस चुकला की सारे कोसळणार. भावाच्या माघारी अण्णाच घरातले कर्ते. मुलीच्या साखरपुड्याला मांडवात त्यांनीच उभे राहायचे होते.

बातलच्या पुढे काही किलोमीटरांवर तो नाला लागला. रुंदी वीस-पंचवीस पावलांची. पाणी राखाडी, म्हणजे तळ दिसत नव्हता. गोटे एकमेकांवर आपटल्याचा घुमल्यासारखा आवाज पाण्याखालून येत होता. हा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला तो पुन्हा ओळखायला शिकवावे लागत नाही. रीतीप्रमाणे पुतण्या बूट घालूनच, हातात काठी घेऊन, कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. पाणी चालत ओलांडता येत नसेल, तर ते गाडीने ओलांडू नये, हा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. चाकाच्या आखापर्यंत पाणी असले तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, क्लच न दाबता निघून जाता येते. त्याच्या वर गेले की प्रवाह गाडीला आडवे ढकलतो. आणि हवा घेण्याच्या मार्गातून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि आतला दांडा वाकतो. पुतण्या अर्ध्यापर्यंत गेला, तेथे पाणी गुडघ्याच्या वर चढले, आणि तो परतला.

तेवढ्यात मागून दोन अनोळखी मोटरसायकलस्वार आले. त्यांनी नाल्याकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि एकामागून एक गाड्या घातल्या. पहिल्याची गाडी मध्यावर डगमगली, सावरली. दुसऱ्याने पाय टेकत टेकत पार केले. पलीकडून दोघांनी हात हलवला आणि ते दिसेनासे झाले.

अण्णांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. “जमतंय की,” ते म्हणाले.

“काका, नको,” पुतण्या म्हणाला.

वाऱ्यात ते नीट ऐकू आले नसावे, कारण अण्णांनी किल्ली फिरवली. पुतण्या गाडीपुढे येऊन उभा राहिला आणि त्याने पुन्हा तेच म्हटले. त्या घरात पुतण्याने काकांना समोरून नकार दिल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. पेढीवर भाव काका ठरवतात आणि तो लिहून घेतो. अण्णांच्या तोंडून प्रश्न निघाला, “अरे, तुझ्याच बहिणीचा—” आणि तेथेच ते थांबले. कारण विचारायचे नाही, हे त्यांनीच लिहिले होते. कापड दुकानदारांनी मुकाट्याने आपली गाडी वळवली. मग औषधांच्या व्यापाऱ्यांनी. अण्णा सर्वांत शेवटी वळले.

बातलच्या ढाब्यांना अशा परतणाऱ्या लोकांची सवय आहे. येथील चाचा-चाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृद्ध दांपत्याने बर्फात अडकलेल्या कितीतरी प्रवाशांना दिवसचे दिवस आसरा दिल्याची ख्याती दूरवर पसरली आहे. चौघांना भिंतीलगत ओळीने अंथरलेल्या गाद्या आणि प्रत्येकी दोन रजया मिळाल्या. सूर्य कड्याआड जाण्यापूर्वी त्यांनी ढाब्यावरच्या साध्या वरण-भाताबरोबर घरून आणलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. भाकरी मोडल्याचा कडकड आवाज तेवढा होता. बाकी कोणी बोलत नव्हते. अण्णा रागावले होते, हे खरे. त्यांचा राग मुलावर नव्हता म्हणावे, तर तोही होता. ते दोघे अनोळखी स्वार पार गेले होते, म्हणजे पार जाता येत होते. आणि साखरपुड्याच्या मांडवात उद्या-परवा जे बोलले जाईल, त्याला उत्तर देताना ‘पाणी गुडघ्याच्या वर होते’ हे कारण किती लंगडे वाटेल, हे त्यांना दिसत होते. जे नुकसान झालेच नाही, त्याची पावती कोणी देत नाही. रात्री उशिरा पुतण्याने विचारले, “काका, झोप लागत नाही का?” अण्णा म्हणाले, “थंडी आहे.” मग थोड्या वेळाने त्यांनी आपली दुसरी रजई त्याच्या अंगावर टाकली.

सकाळी पापुद्रा वितळेपर्यंत वाट पाहून ते साडेआठला निघाले. नाला तोच होता, पण तळ दिसत होता. पाणी नडगीपर्यंतही नव्हते. एकाने पाण्यात उभे राहायचे, एकाने पलीकडे, आणि गाड्या एकेक करून न्यायच्या, अशा रीतीने दहा मिनिटांत चारही गाड्या पार झाल्या. पुढचे नालेही असेच. छत्रूला चहा झाला, ग्रम्फूचा फाटा आला, आणि कोकसरच्या बाजूला उतरताना कित्येक तासांनी अखंड डांबर लागले.

पडणे झाले ते येथे. ना पाणी, ना चढ, ना गोटे. एका साध्या वळणावर डांबरावर पसरलेली बारीक खडी होती. तीन दिवस उभे राहून चालवणारे अण्णा आता बसले होते, वेग वाढला होता, आणि मनात दिल्लीची गाडी सुटण्याची वेळ होती. खडी दिसली तशी बोटे पुढच्या ब्रेकवर गेली. गाडी उजव्या अंगावर गेली आणि अण्णा खांद्यावर पडून काही अंतर घसरत गेले. मागून येणाऱ्या पुतण्याने हे सारे पाहिले.

मग वहीतले नियम आपापल्या जागी उभे राहिले. कापड दुकानदार गाडी आडवी लावून वळणाच्या मागे वाहने थांबवायला गेले. श्वास नीट चालू होता, म्हणून कोणी हेल्मेट घाईने ओढून काढले नाही. आधी नाव, वार, गावाचे नाव विचारले, हातापायांची बोटे हलवून घेतली, मानेला वेदना नाही याची खात्री केली. उजव्या गळपट्टीचे हाड मोडल्याचे औषधांच्या व्यापाऱ्यांना वरूनच दिसले. त्रिकोणी पट्टीने हात छातीशी बांधला. जॅकेटच्या खांद्यातील संरक्षक तुकड्याने कातडी वाचवली होती, हाड मात्र वाचवले नव्हते. हेल्मेटच्या उजव्या बाजूला लांबच लांब ओरखडा होता आणि आतला थर दबला होता.

मनालीकडे निघालेल्या एका पिकअपने त्यांना घेतले. चालकाशेजारी अण्णा, आणि मागे लाहौलच्या प्रसिद्ध बटाट्यांच्या पोत्यांवर औषधांचे व्यापारी. ज्यांच्या घरी बटाटा शिजत नाही अशा दोघांना बटाट्यांनीच त्या दिवशी तारले. दोन गाड्या कोकसरच्या एका ढाब्यासमोर उभ्या करून बाकीचे दोघे पाठोपाठ निघाले. सिस्सूजवळच्या बाजूने अटल बोगद्यात शिरले की नऊ किलोमीटरांनी माणूस दुसऱ्या मुलखात बाहेर पडतो. करडे डोंगर मागे राहतात आणि देवदारांची झाडे लागतात. २०२० पूर्वी हाच प्रवास रोहतांगच्या खिंडीवरून, मोडलेल्या हाडासह, हादरे खात करावा लागला असता.

दिल्लीची गाडी चुकलीच होती. मनालीच्या रुग्णालयात हाड तपासून घेतले, मग चंदीगडहून पुण्याचे विमान आणि पुढे मोटार. शनिवारी रात्री उशिरा ते सांगलीत पोचले. काकूंनी गळ्यातल्या झोळीकडे पाहिले, मग चौघांकडे आळीपाळीने पाहिले, आणि कोणाला काही न विचारता पाणी आणायला आत गेल्या. रविवारी अण्णा हात गळ्यात बांधून मांडवात उभे राहिले. पाहुण्यांना वाटले की पाण्यात पडले. तसेच वाटू द्यावे असे कापड दुकानदारांचे मत होते, कारण डांबरावर पडल्याची गोष्ट सांगायला काही चव नाही. अण्णांनी मात्र प्रत्येकाला खरे तेच सांगितले. पाण्याशी आम्ही थांबलो, ते म्हणत, आणि पोराने थांबवले.

गाड्या मालट्रकने यायला आठवडा लागला. त्या आल्या त्या दिवशी अण्णांनी गतवर्षीची ती वही मागवली. उजवा हात अजून झोळीत होता, म्हणून त्यांनी सांगायचे आणि पुतण्याने लिहायचे असे ठरले. तसे पेढीवर रोजच चालते. पाण्याचा नियम चारऐवजी बाराचा झाला. त्याखाली, डांबर लागले की पंधरा मिनिटे गाड्या बंद करून उतरायचे, पाणी प्यायचे, असे एक कलम आले. मग खर्चाची बाजू. बातलचा मुक्काम चौघांचा, पिकअपचे भाडे (चालकाने घेतले नाही), रुग्णालय, विमानाची चार तिकिटे, मालट्रक, ब्रेकची एक मूठ.

“हेल्मेट?” पुतण्याने विचारले. “बाहेरून बरं दिसतंय. नुसता ओरखडा आहे.”

एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला थर दुसऱ्यांदा दबत नाही, हे त्यानेच काकांना कृष्णाकाठी शिकवले होते. अण्णा काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

“लिही,” ते म्हणाले. “हेल्मेट एक. बाद.”